शारदेचं वय

२१ डिसेंबर १९०९. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांची मुंबईला बदली झाली होती. त्यांच्या निरोपानिमित्त विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर नाटक मंडळीचा ‘संगीत शारदा’चा प्रयोग ठेवला होता. जॅक्सन संस्कृतचे जाणकार होते, लोककथा आणि लोकसमजुती गोळा करत, त्यामुळे शहरातल्या काही प्रतिष्ठितांत त्यांच्याविषयी आदरही होता. पण त्याच वर्षी बाबाराव सावरकरांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती, आणि त्यांच्यावरच्या खटल्यामागे हेच कलेक्टर आहेत अशी क्रांतिकारक तरुणांची खात्री होती. नाटकाला आलेल्या जॅक्सन यांच्यासमोर अनंत कान्हेरे उभे राहिले आणि त्यांनी ब्राउनिंग पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. पुढचं नाशिककरांना सांगायला नको. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना फाशी झाली. शहरातल्या ज्या मैदानावर आज रणजीचे सामने होतात, त्याला कान्हेऱ्यांचं नाव आहे.

हा प्रसंग सांगताना नाटकाचं नाव ओघात येतं आणि मागे पडतं. मला त्या नावापाशी थांबायचं आहे. त्या रात्री रंगमंचावर जिची कहाणी उलगडणार होती ती तेरा-चौदा वर्षांची मुलगी होती, आणि प्रेक्षागृहात पिस्तूल घेऊन आलेला तरुण पुरता अठरा वर्षांचाही नव्हता. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरी किशोरवयातल्या कोंडीवरचं नाटक बघणाऱ्यावर काय परिणाम करतं, कोणावर करतं आणि कोणावर करत नाही, हा प्रश्न नाशिकमध्ये उभा करायचा तर त्याला याहून योग्य जागा सापडणार नाही.

गोविंद बल्लाळ देवलांनी ‘शारदा’ १८९९ मध्ये रंगभूमीवर आणलं. तोवरची संगीत नाटकं बहुतेक पुराणातल्या किंवा संस्कृत नाटकांतल्या कथांवर बेतलेली असत. देवलांनी शेजारच्या वाड्यातली गोष्ट उचलली. पैशाला लाचावलेला कांचनभट आपली मुलगी शारदा पंचाहत्तरीच्या घरातल्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित दोन्हीकडून आपला फायदा बघतो. आईला सगळं कळतं, पण घरात तिचा शब्द चालत नाही. कोदंड नावाचा तरुण हे लग्न मोडायला धडपडतो. ऐन लग्नात वधूवर सगोत्र असल्याचं उघड होतं आणि विधी अर्ध्यावर थांबतो. अर्धवट लग्न झालेल्या मुलीचं पुढे काय, या विचाराने शारदा जीव द्यायला नदीवर जाते. कोदंड तिला वाचवतो आणि शेवटी शंकराचार्यांच्या संमतीने त्या दोघांचं लग्न होतं.

कथानक इतकंच. पण त्यातला एक धागा आज वाचताना अडवतो. हे लग्न कशामुळे थांबतं? शारदा नको म्हणते म्हणून नाही. तिला म्हाताऱ्याची भीती वाटते हे आई जाणते, मैत्रिणी जाणतात, प्रेक्षक तर पहिल्यापासून जाणतात. तरी तिच्या नकाराने पान हलत नाही. हलतं ते गोत्राच्या मुद्द्यावर. आजच्या वाचकाला हे खटकेल, आणि खटकायलाच हवं. पण देवलांसमोर बसलेला प्रेक्षक कोण होता ते ध्यानात घेतलं की हा डाव किती हुशारीचा होता ते कळतं. आठच वर्षांपूर्वी, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला होता. मुलीचं संमतिवय दहावरून फक्त बारावर गेलं, तरी सगळा महाराष्ट्र पेटला होता. सरकारने धर्मात हात घालू नये म्हणून टिळक एका बाजूला, आगरकर आणि मलबारी दुसऱ्या बाजूला. सभा उधळल्या गेल्या, जुने मित्र एकमेकांना दुरावले. त्या वातावरणात ‘मुलीला विचारा’ असं सरळ म्हणणारं नाटक अर्ध्या प्रेक्षकांनी पहिल्याच अंकात सोडून दिलं असतं. देवलांनी शास्त्राचाच आधार घेऊन शास्त्री मंडळींना निरुत्तर केलं. मुलीची बाजू त्यांनी गाण्यांत ठेवली. तिथे वाद घालायला जागाच नव्हती, फक्त ऐकायचं होतं.

वडिलांपुढे तोंड उघडता येत नाही ती मुलगी आईजवळ आपली भीती गाऊन सांगते. आणि तिच्या मैत्रिणी त्या म्हाताऱ्या नवरदेवाची यथेच्छ टिंगल करतात. किशोरवयाचं हे चित्र मला फार खरं वाटतं. घरात मूग गिळून बसायचं आणि मैत्रिणींच्या घोळक्यात सगळं ओकून टाकायचं, हे आजही कुठल्याही शाळेच्या मधल्या सुट्टीत दिसतं. त्या काळी शारदेची भूमिका मुलगे किंवा तरुण नटच करत. म्हणजे मुलीची व्यथा मुलाच्या गळ्यातून, आणि ऐकणारे बहुतांशी पुरुष. बालगंधर्व १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले आणि पुढे त्यांची शारदा गाजली.

आता परिणामाचं. ‘शारदा’मुळे बाला-जरठ विवाहांना आळा बसला असं सर्रास लिहिलं जातं. असं मोजमाप कोणी केलेलं नाही आणि करणं शक्यही नव्हतं. शिवाय १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा ‘शारदा कायदा’ म्हणून ओळखला जातो, त्यामुळे तो नाटकाच्याच नावावरून आला असा समज अनेकांचा होतो. तो आला अजमेरचे हरबिलास सारडा यांच्या नावावरून. १ एप्रिल १९३० पासून तो लागू झाला आणि मुलीचं लग्नाचं वय त्याने चौदा ठरवलं. शारदेच्या वयाला कायद्याचं कुंपण मिळायला नाटकानंतर तीन दशकं गेली.

मधल्या तीस वर्षांत नाटकाने काय केलं, ते मला असं दिसतं. म्हाताऱ्याने पोरीशी लग्न करावं हे पुष्कळांना मनातून पटत नसेल. पण गावात कोणी बोलत नव्हतं, कारण दुसऱ्यालाही तसंच वाटतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पुस्तक माणूस एकटा वाचतो. त्याचं मत बदललं तर ते त्याच्यापाशीच राहतं. नाटकात चार-पाचशे माणसं एकाच वेळी भुजंगनाथाला हसतात आणि प्रत्येकाला बाकीच्यांचं हसू ऐकू येतं. नाटक संपेपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं की गाव या प्रकाराला हसतं. दुसऱ्या दिवशी एखादा पैसेवाला विधुर कोवळी मुलगी शोधायला निघाला, तर ज्यांच्या दारात तो जायचा त्यातल्या काहींनी काल रात्री टाळ्या वाजवलेल्या असत. पुढे भुजंगनाथ आणि कांचनभट ही मराठीत माणसांची जात सांगणारी नावं झाली. नाव पडलं की ती गोष्ट निमूटपणे उरकता येत नाही.

ब्रिटिश सरकारला या सामुदायिक गोष्टीची भीती नेमकी कळली होती. बंगालमधल्या नाटकांनी हैराण होऊन त्यांनी १८७६ मध्ये नाट्यप्रयोगांवर बंधनं घालणारा कायदा केला होता. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ मध्ये आलं. कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे भारतमाता, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत नव्हतं. लंडनच्या ‘टाइम्स’चा व्हॅलेंटाइन चिरोल या नाटकाच्या प्रेक्षकांवरील परिणामाबद्दल पोटतिडकीने लिहितो. जॅक्सन यांच्या हत्येनंतर काही आठवड्यांतच, १९१० मध्ये, ‘कीचकवध’वर बंदी आली. गंमत बघा: प्रक्षोभक म्हणून बंदी आलेल्या नाटकाच्या प्रयोगात गोळी झाडली गेली नव्हती. ती झाडली गेली एका घरगुती, रडवणाऱ्या सामाजिक नाटकाच्या प्रयोगाला, आणि तिचा त्या नाटकाशी काडीचा संबंध नव्हता. कान्हेऱ्यांच्या मनात जे चाललं होतं त्याला ‘शारदा’त कुठेच जागा नव्हती. ‘नाटक बघून पोरं बिघडतात’ असं म्हणणाऱ्यांनी आणि ‘नाटक बघून पोरं सुधारतात’ असं म्हणणाऱ्यांनी ही रात्र लक्षात ठेवावी. प्रेक्षक रिकाम्या हाताने येत नाही. जे घेऊन आलेला असतो त्यात नाटक फार तर भर घालतं.

योगायोग असा की ज्या १८९१ साली आपल्याकडे संमतिवयाचा गदारोळ चालला होता, त्याच वर्षी जर्मनीत फ्रांक वेडेकिंडचं एक नाटक छापून आलं. मराठीत त्याच्या नावाचा अर्थ ‘वसंताचं जागं होणं’ असा सांगता येईल. शाळेत जाणारी, वयात येणारी मुलं. परीक्षेच्या धाकाने पिचलेला मॉरिट्झ. मूल कसं होतं हे आईला विचारूनही उत्तर न मिळालेली वेंडला. मॉरिट्झ नापास होतो आणि स्वतःला संपवतो. वेंडला गर्भपाताच्या प्रयत्नात मरते. देवलांनी जे शास्त्राच्या आडून सांगितलं ते वेडेकिंडने उघड सांगितलं, आणि त्याची किंमत मोजली: पंधरा वर्षं नाटक रंगमंचावर येऊ शकलं नाही. १९०६ मध्ये बर्लिनला माक्स राइनहार्टने ते केलं तेव्हाही कात्री लागलीच. शंभर वर्षांनी त्याच नाटकाची संगीतिका न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर आली आणि २००७ मध्ये तिने आठ टोनी पुरस्कार पटकावले. मॉरिट्झची परीक्षा आणि वेंडलाचा प्रश्न शंभर वर्षांत शिळे झाले नव्हते. कोटातल्या विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या वाचणाऱ्या आपल्या पालकांना तर ते आजचेच वाटतील.

इथे एक जोखमीची बाब येते आणि तिच्यावर आपल्याकडे नाटकवाले पुरेसं बोलत नाहीत असं माझं मत आहे. किशोरवयीन पात्र जीव देतं तेव्हा समोर बसलेल्या किशोरवयीन प्रेक्षकाचं काय होतं? ग्योटेची ‘वेर्थर’ ही कादंबरी १७७४ मध्ये आली आणि तिच्यातल्या नायकाचं अनुकरण तरुण करतील या धास्तीने लाइपझिगमध्ये तिच्यावर बंदी आली. दोनशे वर्षांनी, १९७४ मध्ये, समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी आत्महत्येच्या ठळक बातम्यांनंतर वाढणाऱ्या आत्महत्यांना ‘वेर्थर परिणाम’ असं नाव दिलं. २०१७ मध्ये एका शाळकरी मुलीच्या आत्महत्येवरची अमेरिकी वेबमालिका आली. त्यानंतरच्या महिन्यात तिथे १० ते १७ वयोगटातल्या आत्महत्या अपेक्षेपेक्षा जवळजवळ २९ टक्क्यांनी जास्त नोंदल्या गेल्या. मालिकेमुळेच असं झालं हे त्याने सिद्ध होत नाही, पण दोन वर्षांनी निर्मात्यांनी त्यातला आत्महत्येचा प्रसंग काढून टाकला.

याची दुसरी बाजू ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी २०१० मध्ये मांडली, आणि तिचं नाव रंगमंचावरूनच आलेलं आहे. मोझार्टच्या १७९१ च्या ‘जादूची बासरी’ या संगीतिकेत पापागेनो हा पक्षी पकडणारा प्रेयसी गमावल्याच्या दुःखात गळफास घ्यायला निघतो आणि तीन मुलं येऊन त्याला दुसरा मार्ग दाखवतात. ज्या बातम्यांत संकटातून सावरलेल्या माणसाची हकीकत असते, त्यांच्यानंतर आत्महत्या घटलेल्या दिसतात, असं त्या संशोधकांना आढळलं. त्याला त्यांनी ‘पापागेनो परिणाम’ म्हटलं. या नजरेने ‘शारदा’ पुन्हा पाहिलं तर नदीवरचा प्रसंग वेगळा दिसतो. गोड शेवटाची सोय म्हणून समीक्षक त्याला हिणवत आले आहेत. पण प्रेक्षकांतल्या एखाद्या मुलीला ‘कोणीतरी वेळेवर येतं, आणि नंतरही आयुष्य असतं’ एवढं तिथे दिसलं असेल, तर तो शेवट भाबडा म्हणून सोडून देता येत नाही. (असं नाटक आज करणाऱ्यांनी तिकिटावर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी मदतक्रमांक छापायला काय हरकत आहे? खर्च शून्य.)

नाटक प्रत्यक्ष बघण्याचा परिणाम तपासायचे प्रयोग अलीकडे झाले आहेत. अमेरिकेत आर्कान्सा विद्यापीठाच्या अभ्यासकांनी शाळकरी मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून निवडले; काहींना नाटकाला नेलं, काहींना त्याच कथेचा चित्रपट दाखवला. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आले: नाटक बघितलेली मुलं इतरांपेक्षा अधिक सहिष्णू आणि दुसऱ्याच्या नजरेतून बघण्यात थोडी पुढे होती, चित्रपटाने तसा फायदा दिसला नाही. २०२१ च्या आणखी एका अभ्यासात नाटक पाहून आलेल्या प्रौढांची नाटकातल्या माणसांविषयी सहानुभूती वाढलेली दिसली. याआधी २०१२ मध्ये थालिया गोल्डस्टीन आणि एलन विनर यांना असं आढळलं होतं की वर्षभर अभिनय शिकलेल्या मुलांची दुसऱ्याच्या मनाचा ठाव घेण्याची क्षमता इतर कला शिकणाऱ्यांपेक्षा अधिक वाढते. हे परिणाम मोजण्याइतके असले तरी मोठे नाहीत, आणि किती काळ टिकतात हा प्रश्न उरतोच. पण दिशा तीच आहे जी देवलांच्या प्रेक्षागृहात दिसली होती: एकत्र बसून बघण्यात काहीतरी आहे जे एकट्याने पडद्यावर बघण्यात नाही. संस्कृत काव्यशास्त्रकार भट्टनायकाने ज्याला साधारणीकरण म्हटलं, म्हणजे पात्राचं दुःख त्या एकट्याचं न राहता सगळ्यांना भोगता येणं, त्यात या गोष्टीची चाहूल आपल्या परंपरेला कधीच लागली होती.

एकत्र बसण्यातच जर परिणाम असेल, तर शेजारच्या खुर्चीत कोण बसलं आहे हे फार महत्त्वाचं ठरतं. ‘शारदा’ बघायला शारदेच्या वयाच्या मुली किती आल्या असतील? नाटक त्यांच्याविषयी होतं, पण ते चाललं होतं त्यांच्या बापांसाठी. आणि ते बरोबरच होतं, कारण निर्णय बापांच्या हातात होता. आज नेमकं उलटं होतं. परीक्षेचा ताण, मोबाइल, मासिक पाळी, मैत्रीतली फसवणूक यांवरची नाटकं शाळेच्या वेळेत, शाळेच्या सभागृहात, फक्त मुलांसमोर होतात. मुलांना त्यातलं बरंचसं आधीच ठाऊक असतं. ज्यांनी ऐकायला हवं ते त्या वेळी ऑफिसात असतात. नाशिकला कालिदास कलामंदिरासारखं नाट्यगृह आहे, कुसुमाग्रज आणि वसंत कानेटकरांचा वारसा आहे, राज्य नाट्य स्पर्धेच्या निमित्ताने दरवर्षी हौशी मंडळी जीव तोडून नाटक करतात. तिथे बालनाट्याच्या प्रयोगाला पालक येतात ते आपलं पोर रंगमंचावर आहे म्हणून. इतरांच्या पोरांचं नाटक बघायला कितीजण थांबतात?

पुण्यात १९८६ च्या सुमारास थिएटर अकॅडमीने बर्लिनच्या ‘ग्रिप्स’ रंगभूमीची पद्धत मराठीत आणली तेव्हा ही गोष्ट हेरली होती. तिच्यामागे डॉ. मोहन आगाशे होते. नट आणि मनोविकारतज्ज्ञ ही दोन्ही कामं एकाच माणसाची. ग्रिप्सच्या नाटकांत राजा-राणी, पऱ्या, चेटकिणी नसतात. मुलांचं रोजचं जग असतं, त्यातली भांडणं आणि अन्याय असतात, आणि मुलांच्या भूमिका मोठे नट करतात. त्याने दोन गोष्टी साधतात. मुलाला आपलं म्हणणं कोणीतरी गंभीरपणे मांडतंय हे दिसतं, आणि शेजारी बसलेल्या बापाला आपल्याच वयाचा माणूस मुलाच्या जागी उभा राहून बोलताना ऐकावा लागतो. हे दुसरं जास्त अवघड, म्हणून जास्त उपयोगाचं.

रत्नाकर मतकरींनी याच्याही पुढे पाऊल टाकलं. मराठी बालनाट्याला वळण देणारा हा लेखक २०१४ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत, ठाण्यातल्या समता विचार प्रसारक संस्थेसोबत ‘वंचितांचा रंगमंच’ घेऊन वस्त्यांत गेला. तिथल्या मुलामुलींना त्यांनी तयार संहिता दिली नाही. तुमच्या आयुष्यात जे घडतं ते तुम्हीच रचा, तुम्हीच करा, असं सांगितलं. नाटिका छोट्या, नेपथ्य जवळजवळ नाही, भाषा वस्तीतली. दारू पिणारा बाप, शाळा सुटलेली बहीण, पाण्याच्या रांगेतली भांडणं. ज्यांच्याविषयी नाटक होतं तेच आता नाटक करत होते, आणि समोर वस्तीतली मोठी माणसंही होती, शहरातले नाटकवालेही.

शारदेचा प्रश्न तर अजून संपलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. दर पाचांत एकीहून अधिक. लग्नाचं वय ‘शारदा कायद्या’च्या चौदावरून अठरावर आलं, त्यालाही १९७८ पासून चार दशकं उलटली. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत, आदिवासी पाड्यांवर, आणि शहरातल्या वस्त्यांतही कांचनभटाची जागा आता लोभापेक्षा काळजीने घेतली आहे: पोर एकटी घरी ठेवायची कशी, म्हणून लवकर उजवून टाका. या बापाला खलपुरुष करून चालणार नाही. प्रेक्षक त्याला हसणार नाहीत आणि हसूही नये. त्यामुळे आज कोणी नाशिकच्या मातीतून नवी ‘शारदा’ लिहायला बसलं, तर त्याला देवलांपेक्षा कठीण बाप रंगवावा लागेल. आणि सगोत्राची पळवाट न शोधता मुलीच्या ‘नको’वरच लग्न मोडून दाखवावं लागेल.